चाळीस सेंटिमीटर कोरी माती

माझा पोटापाण्याचा धंदाच संशयाचा. भूगर्भशास्त्र शिकलो पुण्यात, पुढचं जर्मनीत, आणि नोकरी मिळाली ती हेसन राज्यातल्या जुन्या विषारी जागा शोधून साफ करणाऱ्या लोकांत. इथे अशा जागेला ‘आल्टलास्ट’ म्हणतात, म्हणजे मागच्यांनी टाकून दिलेलं ओझं. कारखाना बुडालेला, मालक मेलेला, वारस हात वर करून मोकळे. मग सरकार स्वतःच ती जागा खणतं, धुतं, माती वाहून नेतं. पण त्याआधी संशय. जुना पेट्रोलपंप, रंगाऱ्याची भट्टी, कातडी कमावायची जागा, जे दिसेल ते आधी संशयितांच्या यादीत जातं आणि निर्दोष ठरेपर्यंत तिथून हलत नाही. मला हे काम मनापासून आवडायचं. भाजीवाला हसून बोलला तर हा आज का हसला, असं मनात येणारा मी माणूस.

हे लिहितोय ते मला झालेल्या आजारातून आज जे जात आहेत त्यांच्यासाठी. औषधांची नावं आणि पेशींचे प्रकार तुम्हाला डॉक्टर सांगतील, आणि नाही सांगितले तर तुम्ही स्वतःच शोधाल, तेही शोधू नका म्हटल्यावर. मला सांगायचं आहे ते भीतीचं. हा आजार मला कशानं झाला हे शोधायला मी निघालो आणि भलतीच भीती पदरात घेऊन आलो. माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या, ईराच्या हातात मी काय दिलं होतं, ही ती भीती.

बहुतेक

जानेवारीत दाढी करताना मानेला गाठ लागली. दुखत नव्हती. दुखली असती तर बरं, न दुखणारी गाठच वाईट, हे मला फार उशिरा कळलं. फॅमिली डॉक्टरनं पाहिली, दुसऱ्यानं पाहिली, तिसऱ्यानं काढून तपासायला पाठवली. युरो येऊन दोनतीन वर्षं झालेल्या त्या काळात अजून सगळं कागदावर चालायचं. आजारपणाच्या रजेची पिवळी चिठ्ठी घेऊन मी महिनाभर हिंडत होतो.

निदानाच्या दिवशी बायको, मंजिरी, बरोबर होती. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवलं आणि टेबलावरचा कागदी रुमालांचा खोका हळूच सरकवला, तो माझ्याकडे नाही, मंजिरीकडे. म्हणजे मरायचं मी आणि रडायचं हिनं, अशी वाटणी बाईंनी आधीच करून ठेवलेली, असं माझ्या मनात आलं.

“लसिकाग्रंथींचा कॅन्सर आहे,” त्या म्हणाल्या. “बरा होतो. बहुतेक वेळा.”

मंजिरीनं ‘बरा होतो’ ऐकलं. मी ‘बहुतेक’ ऐकलं. घरी जाताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, आम्ही समोरासमोर बसलो होतो आणि दोघांच्या डोक्यात दोन वेगळी वाक्यं होती.

निघण्याआधी मी बाईंना माझं काम सांगितलं. फ्रँकफुर्टच्या उत्तरेला एका गावाजवळ डांबराचा जुना कारखाना आहे, रेल्वेचे लाकडी स्लीपर तिथे डांबरतेलात बुडवून काढायचे, ते तेल साठ वर्षं जमिनीत मुरलंय, आणि अकरा महिने मी तिथे भोकं पाडतोय. बाईंनी पेन खाली ठेवलं.

“कामामुळे झाल्याची शंका असेल तर मला तसं कळवावं लागतं. त्याचा फॉर्म असतो. पण माझं मत विचाराल तर, हेर बापट, इतक्या थोड्या काळात हा आजार होत नाही.”

इतक्या लगेच कसं काय सांगितलं? ऑफिसचा फोन आला असेल का? आता हे वाचून तुम्ही हसाल. मी तेव्हा हसलो नाही. बाईंनी फॉर्म भरला आणि त्याच रात्रीपासून मला झोप येईना.

फळांची टोपली

माझ्या वरिष्ठ फ्राउ लेम्के. पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या, साइटवर कुणाचं हेल्मेट वाकडं दिसलं तर काम थांबवणाऱ्या. पहिल्या केमोच्या आधी त्यांनी फळांची टोपली पाठवली. वर अख्ख्या ऑफिसच्या सह्यांचं कार्ड.

“इतकी मोठी टोपली कशासाठी?” मी म्हणालो.

“अरे, माणसं आजारी माणसाला फळं देतात,” मंजिरी म्हणाली. “जगात सगळीकडे देतात.”

“सुरक्षा अधिकाऱ्याची पण सही आहे.”

“मग? त्यानं काय सही करायची नाही?”

चार दिवसांनी त्याच अधिकाऱ्याचं पत्र आलं: मी साइटवर किती तास होतो, मास्क कधी बदलला, सगळं आठवून लिहा. घ्या. मी जिना चढताना धापा टाकत होतो, पण ते पत्र वाचून अंगात बळ आलं. हे लोक काहीतरी झाकताहेत. मी उलट पत्र लिहिलं की मी काम केलेल्या प्रत्येक भोकाच्या नोंदींची प्रत मला हवी. मला आजार कुणी दिला हे आता कागदोपत्री सिद्ध होणार होतं.

नाशिकहून सासूबाई आल्या. त्यांना मी आई म्हणतो. आल्या दिवशीच त्यांनी गुळवेलीचा काढा केला. मी विचारलं, यात काय काय आहे, कुठून घेतलंत, दुकानदार ओळखीचा आहे का?

“अहो सुहासराव,” त्या म्हणाल्या, “माझ्या मुलीला विधवा करायला मी इतक्या लांब येईन का?”

मी तरी प्यायलो नाही. डॉक्टरांनीही काढे बंद सांगितले होते, त्यामुळे त्या एका संशयात मी चक्क जिंकलो.

वॉर्ड

तुम्ही पहिल्यांदा जात असाल तर दोन गोष्टी सांगतो. सहाला उठवतात आणि का उठवलं ते कळत नाही, कारण पुढे दोन तास काही होत नाही. लाल रंगाचं औषध नळीतून येताना दिसलं की तिकडे बघू नका, खिडकीबाहेर बघा. मी बघत बसायचो आणि पिशवीवरचं माझं नाव चार वेळा वाचायचो. सिस्टर गुद्रून चिडायची नाही. पिशवी माझ्यासमोर धरायची आणि म्हणायची, “आल्झो, चला, हेर बापट, वाचा मोठ्यानं.” मी वाचायचो. मग ती लावायची. माझ्यासारख्या माणसावर याहून मोठे उपकार कुणी केले नाहीत.

केस गेले, तोंड आलं, स्टेरॉइडनं चेहरा सुजून भोपळा झाला. ईरा पहिल्यांदा लांबच उभी राहिली. मग जवळ येऊन माझ्या गालात बोट खुपसलं आणि जर्मनमध्ये म्हणाली की मऊ आहे. तेव्हा मी संडासात जाऊन रडलो. मरायची भीती मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट वाटली.

दुसऱ्या केमोनंतर पांढऱ्या पेशी खूप खाली गेल्या. घरी सोडताना गुद्रूननं पाळायच्या गोष्टींचा कागद वाचून दाखवला. कच्चं सॅलड नको. गर्दी नको. “आणि घरात कुंडी नको. मातीत बुरशी असते. घरात माती आहे का?”

“एक तुळस आहे,” मी म्हणालो.

“माती कुठली?”

तिनं सहज विचारलं होतं. मी तिच्या हातातला कागद घेतला आणि मातीची ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसलो.

कोरी माती

आधीच्या सप्टेंबरची गोष्ट. परदेशातले गणपती कसे असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. सामानात लोणची आणि मेतकूट भरल्यावर शाडूला जागा उरत नाही. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही कणकेचा गणपती केला होता, तो दुसऱ्या दिवशी तडकला आणि ईरा हिरमुसली.

त्या कारखान्याखाली चारएक मीटरवर राखी चिकणमातीचा थर आहे. वरचं डांबरतेल या थरावर अडतं, खाली जात नाही. तो थर अखंड आहे की कुठे फाटलाय, हाच आमच्या सगळ्या कामातला मुख्य प्रश्न होता. भोक पाडलं की मातीचा लांब दंडगोल वर येतो. तो खोक्यात रचायचा, फोटो काढायचा, दर हातभर अंतराला काय दिसतं ते लिहायचं. त्या दिवशी वर आली ती माती लोण्यासारखी होती. खडा नाही, वाळूचा कण नाही. मी हातमोज्यातल्या बोटांनी दाबून पाहिली आणि मला गणपतीचं पोट दिसायला लागलं.

हस्तकलेच्या दुकानात मातीची पुडी मिळते हे मला माहीत होतं. पण ती कुणी कुणी मळलेली. ही माती जमिनीखाली लाखो वर्षं पडून होती, माणसाचा हात न लागलेली. देवाला याहून कोरी माती कुठून आणणार? मी चाळीस सेंटिमीटर कापली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवली. खोक्यात फट राहिली. तिच्यासमोर मी लिहिलं ‘केर्नफरलुस्ट’, म्हणजे नमुना वर येताना निसटला. असं रोज कुठेतरी होतंच, कुणी विचारत नाही. खाली सही केली.

वास? मी मास्क लावला होता. आणि डांबरात महिनोन्महिने वावरलेल्या नाकाला वास तरी कशाचा येणार होता?

मंजिरी खूश झाली. ईरानं ती माती उघड्या हातांनी दोन दुपार मळली. सोंड तिनं केली, उंदीर तिनं केला. नखांत, केसांत, गालाला माती. आम्ही फोटो काढून दोन्ही आज्यांना पाठवले. दीड दिवसानं बादलीत विसर्जन केलं आणि पद्धतीप्रमाणे ते पाणी, ती माती तुळशीला घातली. हिवाळ्यात ईराला खोकला झाला तेव्हा त्याच तुळशीची पानं तिच्या चहात गेली.

ज्या मातीला हात लावताना मी दोन हातमोजे घालायचो, ती मी माझ्या लेकीला खेळायला दिली होती.

माझी सही

त्याच आठवड्यात ऑफिसकडून नोंदींची जाडजूड फाइल आली. एकही पान झाकलेलं नव्हतं. हवेची मापं, मास्कच्या तारखा, सगळं जिथल्या तिथे. मी लाल पेन घेऊन बसलो होतो ते खोटेपणा शोधायला, आणि अख्ख्या फाइलमध्ये खोटी नोंद एकच निघाली. केर्नफरलुस्ट, चाळीस सेंटिमीटर. खाली माझी सही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्या भोकात डांबर कुठवर पोचलंय ते मी पाहिलं. चिकणमातीच्या थेट माथ्यापर्यंत काळं होतं. मी कापली ती माती माथ्याजवळची की खालची? आठवेना. आजही आठवत नाही.

घरी नमुने भरायची तपकिरी काचेची एक बाटली पडली होती. मंजिरी ईराला शाळेतून आणायला गेल्यावर मी तोंडाला मास्क बांधून बाल्कनीत गेलो आणि चमच्यानं तुळशीखालची माती उकरायला लागलो. दोघी लवकर परतल्या.

“तुळशीला काय करतोयस?” मंजिरीनं विचारलं. “तुला मातीला हात लावायचा नाहीये ना?”

ईराला आईंबरोबर आत पाठवून मी सगळं सांगितलं. मंजिरी कठड्याला धरून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

“तू डॉक्टरवर संशय घेतलास. ऑफिसवर घेतलास. माझ्या आईच्या काढ्यावर घेतलास. तिला रडवलंस, तुला माहीतय? आणि ती माती घरात आणताना तुला एकदाही शंका आली नाही?”

“आपण काढलेली म्हणून नाही आली,” मी म्हणालो. खरंच दुसरं कारण नव्हतं.

“हे सगळं तुझ्या बॉसला आजच्या आज सांग. नोकरी गेली तर गेली, व्हिसा गेला तर गेला. पण ती माती चोरून तपासायची नाही. नीट तपासायची.”

त्यानंतर नऊ दिवस ती माझ्याशी औषधाच्या वेळांपलीकडे बोलली नाही. आई म्हणाल्या, देवासाठी आणलेली माती, देव बघून घेईल. पण संध्याकाळी त्यांनी ईराला मांडीवर घेतलं आणि तिची दहाही नखं अगदी मुळापर्यंत कापली. सात महिन्यांनी नखं कापून काय होणार होतं, पण मी खाली कागद धरला.

टेस्ट

फ्राउ लेम्केंना मी फोनवर सांगितलं. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नोंदीबद्दल नव्हता.

“मुलीचं रक्त तपासलं का?”

“अजून नाही.”

“उद्या तपासा. कुठल्या गोष्टींसाठी ते मी डॉक्टरांना लिहून पाठवते. बाटली मी स्वतः न्यायला येते.”

त्या आल्या, बाटलीवर चिठ्ठी लावली, ईराशी हात मिळवला. जाताना दारात मात्र सुनावलं. तुमच्या त्या फटीमुळे आम्हाला वाटलं थर तिथे फाटलाय. शेजारच्या बागा आम्ही संशयितांच्या यादीत टाकल्या. लोकांनी तेव्हापासून तिथली भाजी खाल्ली नाही. नोकरी राहील, लेखी ताकीद मिळेल, पण यापुढे नोंदवहीला तुमचा हात लागणार नाही. ज्या बाईच्या फळांवर मी संशय घेतला होता ती माझ्याशी माझ्यापेक्षा जास्त प्रामाणिक वागत होती.

मुलांच्या दवाखान्यात रक्त काढताना ईरा रडली नाही. मीच तिचा दुसरा हात इतका घट्ट धरला होता की शेवटी ती म्हणाली, “बाबा, आउआ.” सुईनं दुखलं नाही, माझ्या हातानं दुखलं.

सोळा दिवस वाट पाहिली. या दिवसांतली माझी केमो मला आठवतच नाही.

ईराचं रक्त चांगलं निघालं. सगळं. मंजिरीनं कागद दोनदा वाचला, मग स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला आणि आतून मला विचारलं, “साखर घालू का?” दहाव्या दिवसापासून ती कामापुरती बोलत होती, पण हे तसं नव्हतं. मी तो चहा आयुष्यभर विसरणार नाही.

कुंडीतल्या मातीत डांबराचा अंश सापडला. साध्या बागेत असतो त्याहून थोडा जास्त, कारवाई करावी लागते त्याहून बराच कमी. पण कुंडीत विकतची खतमाती मिसळलेली, त्यामुळे गणपतीच्या मातीत मुळात किती होतं ते त्या आकड्यावरून कळत नाही. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ऑफिसनं माझ्या त्या भोकाशेजारी पुन्हा भोक पाडलं. थर अखंड निघाला, फक्त वरचा वीतभर भाग काळवंडलेला. बागा यादीतून निघाल्या.

माझा आजार कामामुळे झालेला नाही, असा निकाल त्या फॉर्मवर आला. उन्हाळ्यात माझी शेवटची तपासणी स्वच्छ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता जगा.” मी विचारलं, “नक्की?” त्या म्हणाल्या, “हेर बापट, नक्की असं मी कुणालाच सांगत नाही.” मला वाटतं, तेव्हापासून मी त्यांच्यावर विश्वास ठेवायला लागलो.

अग्निशमन दलाचा हॉल

नोंदी काढून घेतल्यावर फ्राउ लेम्केंनी मला दिलं लोकांशी बोलायचं काम. शिक्षा की बढती, हे मला अजून कळलेलं नाही. पहिली सभा त्याच गावात, शनिवारी दुपारी, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. कॉफी, केक, भिंतीवर नकाशा, आणि नकाशाशेजारी विरळ केस उगवलेला मी.

शेवटी सत्तरीच्या एक बाई उभ्या राहिल्या. त्यांची बाग कुंपणाला लागून.

“तुम्ही म्हणता आमची माती आता ठीक आहे. तुमच्या स्वतःच्या मुलाला खेळू द्याल त्यात?”

हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. त्याचं ठरलेलं उत्तर आहे, “हो, बिनधास्त.” फ्राउ लेम्के पहिल्या रांगेतून माझ्याकडे बघत होत्या.

“माझी मुलगी खेळली आहे,” मी म्हणालो. “तुमच्या बागेतल्या नाही, याहून वाईट मातीत. मीच आणून दिली होती. खोटी नोंद करून. तुमच्या भाज्या वर्षभर वाया गेल्या त्या त्यामुळे.”

मग मी रक्ताचं सांगितलं, मातीचं सांगितलं, माझे केस कशामुळे गेले तेही सांगितलं.

बाई बसल्या नाहीत. “वर्षभर मी माझ्या वाटाण्याच्या शेंगा कचऱ्यात टाकल्या,” त्या म्हणाल्या. मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही ते चेहऱ्यावरून कळेना. मग त्यांनी विचारलं, “मुलीचा तो कागद चांगला आला. तुमचा विश्वास आहे त्याच्यावर?”

“कागदावर आहे,” मी म्हणालो. “तरी रोज तिला बघतो.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” बाई म्हणाल्या. “मी पण माझ्या नातवाला रोज बघते.” आणि खाली बसल्या.

घरी पोचलो तेव्हा ईरा टेबलाशी चित्र काढत होती. दाराचा आवाज आला तशी तिनं मान वर केली नाही, डाव्या हातानं कपाळावरचे केस तेवढे मागे सारले आणि कपाळ माझ्या बाजूला केलं. उजव्या हातातली पेन्सिल चालूच होती.

“नॉर्माल, बाबा,” ती म्हणाली.

मी तरी हात लावून पाहिला.